हजेरीपटातील इतिहास

प्रार्थना आटोपते, मुले आपापल्या जागी बसतात आणि गुरुजी हजेरीपट उघडतात. भोर किंवा वेल्हे भागातील एखाद्या शाळेत अशा वेळी जी आडनावे कानी पडतात, ती ऐकून इतिहासाचा जाणकार क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. जेधे, बांदल, कंक, शिळीमकर, मरळ, देशपांडे! मुले 'हजर' म्हणतात आणि गुरुजी पुढच्या नावाकडे वळतात. परंतु हीच नावे साडेतीनशे वर्षांपूर्वी याच डोंगरदऱ्यांतून पुकारली जात होती. कान्होजी नाईक जेधे हे रोहिडखोऱ्यातील कारी गावचे देशमुख. हिरडस मावळात बांदलांची देशमुखी होती, गुंजण मावळात शिळीमकरांची, कानदखोऱ्यात मरळांची. येसाजी कंक हे भुतोंड्याचे.

ही आडनावे आली कोठून? सर्वांची जन्मकथा एकसारखी नाही.

प्रथम देशपांडे हेच नाव घ्या. १६६० साली पावनखिंडीत देह ठेवणारे बाजी प्रभू हे भोरजवळच्या शिंद गावचे, हिरडस मावळाचे देशपांडे. 'देशपांडे' हे तेव्हा कामाचे नाव होते. अनेक गावांचा मिळून जो परगणा होई, त्याचा हिशेब देशपांडे ठेवी आणि त्याचा कारभार देशमुख पाही. गावापुरता कारभार पाटलाकडे, गावची दप्तरे कुलकर्ण्याकडे आणि पाटलाचा मदतनीस तो चौगुला. बापाचे काम मुलाकडे व मुलाचे नातवाकडे जाई. त्यामुळे कामाचे नाव हळूहळू घराचे नाव होऊन बसले. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. वतन गेले, दप्तर गेले. आडनाव मात्र राहिले. म्हणूनच आज पाटील आडनावाचा मनुष्य मराठा असू शकतो, आगरी असू शकतो, जैन असू शकतो किंवा मुसलमानही असू शकतो. आडनाव कानी पडताच जात ओळखली, असे जे मोठी माणसे म्हणतात, ते फार वेळा चुकते.

खुद्द भोरच्या राजघराण्याची गोष्टही अशीच आहे. या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. त्यांचे आडनाव गांडेकर. पण जुन्या कागदांत ते बहुधा नुसते 'शंकराजी नारायण' म्हणूनच भेटतात. राजाराम महाराजांच्या काळात त्यांना सचिवपद मिळाले आणि त्यांचे वंशज 'पंतसचिव' या नावानेच ओळखले जाऊ लागले. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले, तरी ते नाव लोकांच्या तोंडी राहिले.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. 'सचिव' या पदाचे पूर्वीचे नाव 'सुरनीस' असे होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावे योजली. सुरनिसाचा सचिव झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती झाला. आज्ञा छत्रपतींची, पण घरोघरच्या नावांपुढे तीही पुरी चालली नाही! मुजुमदार आणि सरनोबत ही आडनावे महाराष्ट्रात अजून नांदत आहेत. अशा नावांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. पारसनीस या नावात मात्र परीस शोधू नये. फारसी पत्रे लिहिणारा तो पारसनीस. नुसत्या आवाजावरून अर्थ लावू पाहणारा येथे हमखास फसतो.

दुसरी जात 'कर' लागणाऱ्या नावांची. मनुष्य आपले गाव सोडून परमुलखात गेला, की तेथील लोक त्याला मूळ गावाच्या नावाने हाक मारतात. फलटणचे नाईक निंबाळकर हे मूळचे पवार. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. राजगडावर १६५९ साली ज्यांचे देहावसान झाले, त्या सईबाई याच घराण्यातील.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे ५००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहत होते. पोलिश भाषेत 'स्की'ने संपणारी पुष्कळ आडनावे आपल्या 'कर'सारखीच गावावरून पडलेली आहेत. पोलिश भाषेत 'कोवाल' म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. रशियन भाषेत लोहाराला 'कुझ्नेत्स' म्हणतात, त्यावरून कुझ्नेत्सोव्ह. आपले लोहार हे आडनाव त्यांचेच भावंड! १९६१ साली अंतराळात गेलेला पहिला मानव युरी अलेक्सेयेविच गागारिन याच्या नावातही आपल्यासारखेच मध्ये वडिलांचे नाव आहे; अलेक्सेयेविच म्हणजे अलेक्सेईचा मुलगा. 'गागारा' हा पाण्यात बुड्या मारणारा एक पक्षी, त्यावरून गागारिन. आपल्याकडेही संस्कृतात 'कंक' म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. मात्र एवढ्या साम्यावरून येसाजींचे आडनाव पक्ष्यावरून पडले असे ठरवून टाकणे घाईचे होईल. त्याला जुना कागद हवा.

कागदाची किंमत कारीच्या जेध्यांनी दाखवून दिली. त्यांच्या घरी जपून ठेवलेली एक शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली प्रसिद्ध झाली. शिवजन्माची तिथी ठरविताना तिचा मोठा आधार झाला. एका डोंगरी गावातील घराने जुने बाड बंबात घातले नाही, एवढ्यावर केवढे काम झाले!

काही आडनावे शाळेच्या दारातच घडतात. भोरच्या शेजारीच सातारा जिल्हा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव कोकणातील आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर आणि त्याचेच पुढे आंबेडकर झाले. हा मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील होता. त्याला वर्गात इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. पुढे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यानेच भूषविले. सातारच्या त्या शाळेने रजिस्टरातील ते पान अद्याप जपून ठेवले आहे. त्यावर नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर.