जंतूंस औषध लागू कां पडेनासें होतें?

गुरांच्या रोगांवर आज खेडोपाडीं जीं औषधें मिळतात, त्यांत प्रतिजैविकें म्हणजे अँटिबायोटिक्स हा वर्ग फार मोलाचा होय. परंतु हीं औषधें हळूहळू निकामी होत चाललीं आहेत, आणि आपला बेहिशेबी वापर हें त्याचें एक मोठें कारण आहे. सबब गुरें बाळगणाऱ्या प्रत्येकानें हा विषय नीट समजून घेणें अवश्य आहे.

१. औषधाचें कार्य

सन १९२८ मध्यें लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस असें आढळलें कीं, एका बुरशीच्या भोंवतीं जंतू वाढत नाहींत. त्या बुरशीपासून पेनिसिलीन मिळालें. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत मातींतील सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसीन निघालें. हीं औषधें जंतूंस मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. विषाणू ही मात्र निराळी जात. तिच्यावर त्यांचा कांहींएक परिणाम होत नाहीं. घटसर्प व फऱ्या हे जंतूंचे रोग होत. लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा. लाळ्या-खुरकुतांत डॉक्टर प्रतिजैविक देतात तें जखमा चिघळूं नयेत म्हणून; मूळ रोग त्यानें हटत नाहीं.

२. जंतू दाद कां देत नाहींत

अनुकूल स्थितींत कांहीं जंतू दर २० मिनिटांनीं दुप्पट होतात. या हिशेबानें एका जंतूचे ७ तासांत २० लाखांहून अधिक जंतू होतात. इतक्या मोठ्या प्रजेंत एखादा असा निपजतो कीं, औषध त्यास बाधत नाहीं. औषध दिलें म्हणजे बाकीचे मरतात व हा एकटा उरतो. आणि मोकळ्या रानांत तण माजावें तसा माजतो. मात्रा अपुरी पडली, तर अर्धवट तग धरणारेही वांचतात. हा धोका फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच बोलून दाखविला होता.

याहून वाईट गोष्ट अशी कीं, औषध पचविण्याचा हा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो. कोलिस्टीन हें माणसांच्या दुर्धर रोगांत अगदीं शेवटीं वापरावयाचें औषध. चीनमध्यें तें डुकरांच्या खाद्यांत वाढीसाठीं घालीत असत. तेथें जंतूंत असा हस्तांतरित होणारा गुण डुकरांत, मांसांत व रुग्णांतही आढळल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें खाद्यासाठीं पाळलेल्या जनावरांस, कोंबड्यांस व मत्स्यपालनांत कोलिस्टीन देण्यास मनाई केली.

३. गोठ्यांतील चूक

कासदाह, ज्यास आपण दगडी म्हणतों, त्याचेंच उदाहरण घेऊं. कास सुजली, दुधांत गुठळ्या दिसल्या, कीं शेजाऱ्याकडील उरलेली बाटली आणून एक सुई टोंचावयाची, आणि सूज उतरतांच उपचार थांबवावयाचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. अशानें गाय बरी झालीशी वाटते, परंतु चिवट जंतू कासेंत राहतात. पुढील खेपेस तेंच औषध लागू पडत नाहीं, आणि एखादा सड कायमचा जातो.

दुसरी चूक दुधाची. औषधाचा अंश दुधांत उतरतो. अशा दुधास पुष्कळदां विरजणही नीट लागत नाहीं, कारण दहीं करणारे जंतूच मरतात. तेंच दूध वासरास पाजल्यास त्याच्या पोटांत चिवट जंतूंची पैदास होते. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वर्ज्य तें लिहिलेलें असतें. तसें लिहिलेलें नसल्यास दूध व अंडीं यांस निदान ७ दिवस आणि मांसास २८ दिवस धरावे, असा नियम २०१२ सालीं झाला आहे. दुभत्या गाईचें आठवड्याचें दूध ओतणें गरिबाच्या जिवावर येतें, हें खरें. म्हणूनच रोग न होऊं देणें हाच काटकसरीचा मार्ग होय.

४. काय करावें

(१) डॉक्टरांनीं तपासल्यावांचून प्रतिजैविक देऊं नये. बनल्यास आधीं दुधाचा नमुना तपासून घ्यावा.
(२) सांगितलेली मात्रा सांगितले तितके दिवस द्यावी. आपल्या मतानें कमी करूं नये, वाढवूंही नये.
(३) धारेपूर्वीं हात व कास धुऊन कोरडी करावी. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या पाहाव्या. आजारी गाय शेवटीं पिळावी.
(४) धार काढल्यावर गाईपुढें वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते व सडाचें उघडें तोंड शेणांत टेकत नाहीं.
(५) घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घ्यावी. लाळ्या-खुरकुताची वेळच्या वेळीं.
(६) औषध, तारीख, मात्रा व दूध वर्ज्य ठेवण्याची मुदत यांची नोंद एका वहींत ठेवावी. पुढील खेपेस डॉक्टरांस तिचा मोठा उपयोग होतो.

गोठ्यांतील जंतू गोठ्यांतच राहत नाहींत. ते शेणांतून, पाण्यांतून व आपल्या हातांवरून घरांत येतात. जें औषध आज आपण गाईवर वायां घालवूं, तेंच उद्यां घरांतील तान्ह्या मुलाच्या तापांत उपयोगीं पडेनासें होईल, हें प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवावें.