मॉडेल एक, पोटातली चिप वेगळी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि जुन्या लॅपटॉपचा बाजार एकदम वर आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, अंगानं धडधाकट मशीन मोठ्या शहरांतल्या कार्यालयांतून निघाली आणि अमरावती-अकोल्याच्या दुकानांत येऊन पडली. अशा मशीनवर लिनक्स टाकलं की ती अजून कित्येक वर्षं चालतात. शाळा, वाचनालय, अभ्यासिका यांच्यासाठी तर ही मोठीच सोय आहे, आणि म्हणूनच ती घेताना कोणी फसू नये असं मला मनापासून वाटतं.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी अमरावतीतल्या एका अभ्यासिकेनं अकोल्याहून असे वापरलेले लॅपटॉप आणले. घेताना मंडळींनी अगदीच डोळे मिटले नव्हते. दुकानात एका लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून लिनक्स मिंट चालवलं. वायफाय लागलं, व्हिडिओ चालला, आवाज आला. बाकीचे उघडायला सांगितले तर दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, सारे एकाच लॉटचे हायेत. एक पाह्यला का सारे पाह्यल्यासारखेच.’’ अमरावतीत आल्यावर मिंट टाकलं, तर निम्म्या मशीनवर वायफायचं चिन्हच दिसेना. मग मला बोलावणं आलं.

झाकणावरचं नाव एकच, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांकही एकच. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग), मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून ‘एनएनके’ अशी आज्ञा दिली, की मशीनच्या पोटात कोणती चिप आहे याची यादी येते. ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधायची. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते, पहिली कंपनीची, दुसरी चिपची. पहिली ८०८६ असेल तर चिप इंटेलची. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसली, तर लिनक्सनं त्या चिपला ओळखलं आणि कामाला लावलं. चालणाऱ्या मशीनमध्ये ती ओळ होती. अडलेल्या मशीनमध्ये चिप दुसऱ्याच कंपनीची निघाली आणि ड्रायव्हरची ओळ गायब. लॅपटॉप बनवणारे एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन पुरवठादारांची वायफाय कार्डं घालतात. हे आधीपासून चालत आलं आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. म्हणून ‘हे मॉडेल लिनक्सवर चालतं’ असं कोणी सांगितलं, तर ते त्याच्या हातातल्या नगाबद्दल खरं असतं, तुमच्या नगाबद्दल नाही.

वायफाय अडलं तर आधी अँड्रॉइड फोन केबलनं जोडावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावं. लिनक्सला ते तारेचं इंटरनेट वाटतं आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेवढ्या इंटरनेटवर मिंटचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ हरवलेला ड्रायव्हर आणू शकतो. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना असा वेगळा, कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. रिअलटेकच्या काही चिपा ओळखल्या जातात, पण राउटरपासून दोन खोल्या लांब गेलं की रेंज सोडतात, म्हणून दुकानात राउटरच्या पुढ्यात बसून वायफाय पाहणं पुरेसं नाही. अभ्यासिकेत शेवटी आम्ही अडलेल्या मशीनची कार्डं काढून इंटेलची बसवली. ते जमलं, पण सगळीकडे जमतंच असं नाही. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असते आणि यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू व्हायला नकार देतं. यूएसबी डोंगल घ्यायचं तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असं घ्यावं. बाहेरून चिकटवलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला तुटू शकतो.

दुकानात प्रत्येक नग तपासायचा, त्यावर तडजोड नको. व्हेंटॉय नावाच्या साधनानं तयार केलेल्या एका पेनड्राइव्हवर मिंट आणि उबंटूची ताजी आवृत्ती, दोन्ही ठेवता येतात. हार्डडिस्कला हात न लावता मशीन त्यावर सुरू करायचं. सुरू होताना ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ किंवा ‘सेफ ग्राफिक्स’ निवडूनच पडदा आला, तर मशीन पास झालं असं धरू नका, कारण तिथं ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला ठेवलेला असतो. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर हे हमखास पाहावं. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं संथ वाटतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. मग झाकण मिटायचं, चहा मागवायचा, चहा संपला की झाकण उघडायचं. झोपेतून उठल्यावर वायफाय, टचपॅड आणि आवाज परत आले का, हे याच वेळी कळतं आणि नेमकी हीच तपासणी कोणी करत नाही. हेडफोन लावून पाहा, माइकमध्ये बोलून रेकॉर्ड ऐका, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करा. टर्मिनल नको वाटत असेल तर मिंटच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये सगळी माहिती असते, प्रत्येक मशीनची ती मोबाइलवर टिपून ठेवा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बायोसमध्ये इंटेलचं ‘आरएसटी’ चालू आहे का ते पाहा, ते ‘एएचसीआय’ करावं लागतं. मात्र सोबत विंडोजही ठेवायचं असेल तर घाई नको. त्या बदलानं विंडोज सुरू व्हायचं थांबू शकतं, आणि सिक्युअर बूट बंद केलं तर विंडोजचं डिस्कचं कुलूप, बिटलॉकर, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या.

जुन्या डेस्कटॉपचं दुखणं वेगळंच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, बहुतेक वेळा संपलेला असतो. आपल्याकडे लाइन जाते, आली की घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो. लोक म्हणतात, ‘‘लिनक्सवर नेट चालत नाई.’’ काही जुन्या बोर्डांत बायोसची मांडणीही मूळ जागी जाते, आणि यूईएफआय पद्धतीनं बसवलेलं लिनक्स सापडत नाही म्हणून काळा पडदा येतो. सेल स्वस्तातला आहे. मशीन घेतानाच नवा घाला, मग तपासा.

उन्हाचाही विचार करावा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली. दुपारी अर्धा तास पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालवा. मशीन गरम होऊन मंदावलं किंवा बंद पडलं, तर दोष लिनक्सचा नाही, पण पैसे तुमचेच अडकतात.

सगळ्यात जास्त रडारड मात्र मी प्रिंटरपायी पाहिली आहे. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० विंडोजवर वर्षानुवर्षं चालले, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. १०२० ला चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर मिळावं लागतं. लिनक्सवर ते एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हर-संचाच्या वेगळ्या प्लगइनमधून येतं, आणि ते टाकलं नाही तर प्रिंटर दिसतो पण कागद हलत नाही. एलबीपी २९०० कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीनं बोलतो, त्याला लिनक्सवर बसवणं किचकट आहे. नेटवर्कवर चालणारे, एअरप्रिंट मानणारे नवे प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच छापतात. नवा घ्यायचाच असेल तर हे विचारून घ्या.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर अंगठ्याचं यंत्र सोबत घेऊनच मशीन पाहायला जावं. आधारच्या पडताळणीला लागणारी ‘आरडी सर्व्हिस’ ही आज्ञावली यंत्र बनवणारी कंपनी देते, आणि ती मुख्यतः विंडोज व अँड्रॉइडसाठी असते. डिजिटल सहीच्या टोकनचं थोडं बरं आहे, काहींना लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो. पण ज्या पोर्टलवर सही करायची तिथंच, स्वतःच्या टोकननं एकदा करून पाहा. अंगठ्याचं काम रोजचं असेल, तर एक मशीन विंडोजचं ठेवा आणि टायपिंग, फॉर्म, छपाईची बाकीची मशीन लिनक्सवर घ्या.