अंगावर अचानक पित्त उठलं तर : कारण शोधायचं कसं?



परिपाठ संपून मुलं वर्गात बसतात आणि एखादं लेकरू पोट-पाठ खाजवायला लागतं. सदरा वर करून पाहावं तर लालसर, फुगीर गांधी! आपल्याकडे याला 'पित्त उठलं' म्हणतात, डॉक्टर 'अर्टिकेरिया' म्हणतात. घरी कळवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय खाल्लं?" शाळेत अंडं दिलं असेल तर अंड्यावर, डब्यात शेंगदाण्याची चटणी असेल तर शेंगदाण्यावर ठपका बसतो आणि तो पदार्थ घरातून बंद होतो. ठपका ठेवण्याआधी घड्याळ आणि कॅलेंडर पाहा, हे सांगण्यासाठी हा लेख.

पण कारण शोधणं नंतरचं काम. गांधींसोबत ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, दम लागला, वारंवार उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा लेकरू मलूल पडलं, तर काहीही शोधत बसू नका. लगेच 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना गाठा. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं. खाजेची गोळी किंवा आमसुलाचं पाणी पुरत नाही. नेताना लेकराला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण चालवत नेऊ नका.

आता, ते खरंच पित्त आहे का? त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि तिथे गांध येते. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथात शीतपित्ताची सूज गांधीलमाशी चावल्यासारखी असते असं सांगितलं आहे, आणि हे निरीक्षण आजही चपखल आहे. एक गांध साधारण 24 तासांच्या आत डाग न ठेवता विरते आणि दुसरीकडे नवी उठते. एका गांधीभोवती पेनाने रिंगण काढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा जांभळट डाग राहिला असेल, तर प्रकार वेगळा आहे, डॉक्टरांना दाखवा. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातले इतरही खाजवताहेत, तर बहुधा खरूज. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी विरतात, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता घड्याळ. खाण्यामुळे पित्त उठत असेल तर बहुतेक वेळा ते काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उठतं. रात्रीच्या वांग्याच्या भाजीने दुसऱ्या दिवशी दुपारी गांधी उठतील, हे अवघड आहे. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या दंशाचंही तसंच, परिणाम लवकर दिसतो.

आणि कॅलेंडर. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्ताचं सगळ्यात नेहमीचं कारण खाणं नसून विषाणूचा संसर्ग असतो. साधी सर्दी, ताप, घसा. ताप उतरून दोन-तीन दिवस झालेले असतात, म्हणून कुणाला त्याची आठवणच राहत नाही! त्यातच तापासाठी अमॉक्सिसिलिन किंवा आयबुप्रोफेनसारखं औषध दिलेलं असतं, आणि या औषधांनीही पित्त उठू शकतं. मग दोष तापाचा की औषधाचा? ते डॉक्टरांना ठरवू द्या. रिकामी पट्टी किंवा बाटली सोबत न्या, आणि तेच औषध 'पाहू बरं पुन्हा होतं का' म्हणून घरी देऊ नका.

आपला वाशीम जिल्हा सोयाबीनचा. सोंगणी झाली, थ्रेशर सुरू झाले की कुटाराची धूळ गावभर उडते. त्या दिवसांत शेतावर गेलेल्या मुलाला खाज सुटली तर तेही टिपायला हवं. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण एकदम वाढत. तो आजार दम्याचा होता, पित्ताचा नव्हे, पण शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. संशोधकांनी दम्याच्या तारखा आणि बंदरात जहाजांतून माल उतरवण्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. मेळ बसला तो सोयाबीनशी! कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर त्या लाटा थांबल्या.

हीच रीत वहीच्या एका पानावर चालते. समजा, चौथीतल्या मुलीला सोमवारी ताप आला, मंगळवारी औषध सुरू झालं, गुरुवारी दुपारी एक वाजता शाळेत अंडं खाल्लं आणि शुक्रवारी सकाळी गांधी उठल्या. मध्ये अठरा-वीस तास गेले. याआधी तिने अंडं खाल्लं तेव्हा काही झालं नव्हतं. मग अंडं जवळपास सुटलं, ताप आणि औषध उरले. मात्र अंडं खाल्ल्यावर अर्ध्या तासात गांधी उठल्या असत्या, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत अंडं थांबवणंच बरोबर ठरलं असतं.

एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ हीच आपल्या लेकरांची प्रथिनं. नुसत्या संशयावर ती महिनोन्‌महिने बंद केली तर आधीच हडकुळं असलेलं लेकरू आणखी खंगतं. रक्ताची भलीमोठी ॲलर्जी तपासणी स्वतःहून करून आणण्यातही अर्थ नाही. पदार्थ नीट पचत असतानाही तिच्यात तो 'पॉझिटिव्ह' येऊ शकतो. कोणती तपासणी करायची, ते वहीतलं पान पाहून डॉक्टर ठरवतील.

बऱ्याचदा नेमकं कारण सापडतही नाही आणि पित्त काही दिवसांत आपोआप थांबतं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ उठत राहिलं तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ज्या मुलाला एखाद्या पदार्थाची किंवा औषधाची ॲलर्जी डॉक्टरांनी नक्की सांगितली आहे, त्याचं नाव, तो पदार्थ आणि पालकांचा फोन नंबर वर्गशिक्षकांकडे आणि आहार शिजवणाऱ्या ताईंकडे लिहून द्या.