लपणे आणि लढणे

कथा, नाटक, चित्रपट यांवर आपल्या वार्षिकात दरवर्षी लेख येतात. व्हिडिओ गेमवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. या खेळांविषयी वडीलधारी मंडळी एकच प्रश्न विचारतात : यात मारामारी किती? प्रश्न रास्त आहे. पण तो अपुरा आहे असे मला वाटते. मारामारी किती, याबरोबरच ज्याला मारायचे तो या खेळात कोण आहे, हेही विचारले पाहिजे. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

या खेळांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दोनच येथे घेतो. एक अ‍ॅक्शनचा : समोर येईल त्याला टिपत पुढे जायचे. दुसरा स्टेल्थचा, म्हणजे दबक्या पावलांनी, कोणाच्या नजरेस न पडता काम उरकून बाहेर पडायचे. लहानपणी आपण लपाछपी खेळलो तेव्हा सारे लक्ष ज्याच्यावर राज्य असे त्याच्याकडे लागलेले असायचे. तो कोठे पाहतो आहे, त्याला चाहूल लागली का, हेच मनात. स्टेल्थचे मर्म नेमके हेच. (कोणी याला गनिमी कावा म्हणेल, पण गनिमी काव्यात अचानक छापा घालून निसटायचे असते. येथे उत्तम खेळाडू तो, की जो आला आणि गेला हे कोणास कळलेच नाही.)

या प्रकाराचा उगम कौतुकास्पद आहे. १९८१ साली सायलस वॉर्नर यांनी अ‍ॅपल-२ या संगणकासाठी 'कॅसल वुल्फेनस्टाइन' हा खेळ रचला. जर्मन किल्ल्यात अडकलेल्या कैद्याने युद्धाच्या गुप्त योजना मिळवून पळायचे. गोळ्या मोजक्या, म्हणून पहारेकऱ्याचा गणवेश चढवून त्याच्यासमोरून जाणे शहाणपणाचे. पुढे १९८७ मध्ये जपानमध्ये कोनामी कंपनीत हिदेओ कोजिमा या तरुणाकडे युद्धाचा खेळ करण्याचे काम आले. संगणक होता एमएसएक्स-२. त्याच्या पडद्यावर एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे धड दिसत नसत. सैनिक आणि गोळ्या यांची गर्दी झाली की चित्र लुकलुके किंवा गायब होई. गर्दी दाखवता येत नाही, तर मग लढाईच टाळू, असे कोजिमांनी ठरवले. त्यातून 'मेटल गियर' निर्माण झाला. त्यातील नायक शत्रूच्या तळावर शिरतो तेव्हा त्याच्याजवळ सिगारेटच्या पाकिटाखेरीज काही नसते. पहारेकऱ्यांना फक्त नाकासमोर सरळ रेषेत दिसते. दिसलातच तर त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटते. एक असेल तर धोका त्या पडद्यापुरता. दोन असतील तर कुमक येणार. यंत्राच्या उणिवेतून नवी कल्पना निघाली, हे मला फार आवडते.

उलट प्रवासही झाला. १९९२ मध्ये इड सॉफ्टवेअरने वुल्फेनस्टाइनचा तोच किल्ला पुन्हा उभारला. मेलेल्या शिपायाला ओढून आडबाजूला लपवणे वगैरे कल्पना सुरुवातीला त्यांच्याही मनात होत्या. पण त्यामुळे वेग मंदावतो म्हणून त्यांनी त्या काढून टाकल्या. उरली धावपळ आणि बंदूक. खेळ तुफान लोकप्रिय झाला आणि पुढच्याच वर्षी 'डूम' आला. मी हे दोन्ही खेळ आवडीने खेळलो आहे. त्यांची लय नृत्यासारखी आहे. परंतु त्यातला शत्रू म्हणजे मेळ्यातल्या नेमबाजीचा फुगा. फुटेपर्यंतच त्याचे अस्तित्व.

स्टेल्थला खरे वैभव लाभले १९९८ साली. त्या एकाच वर्षी जपानमधून 'टेन्चू' आणि 'मेटल गियर सॉलिड' आले, तर अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओज या संस्थेने 'थीफ' आणला. तिघांत 'थीफ' मला श्रेष्ठ वाटतो. त्यातला गॅरेट हा भुरटा नव्हे, पट्टीचा चोर. पण तलवारबाजीत यथातथाच. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याची धडगत नसते. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. तुम्ही उजेडात असाल तर ते लखलखते, अंधारात काळवंडते. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते. फरशीवर किंवा लोखंडी जाळीवर पाऊल वाजते, गालिच्यावर वाजत नाही. म्हणून शेवाळाचा बाण मारून वाजणारी जमीन मऊ करून घ्यायची. आवाज भिंतीतून आरपार जात नाही, तो दारांतून, बोळांतून वळसे घेत पहारेकऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो. आवाज ऐकताच तो तलवार उपसून धावत सुटत नाही. आधी थबकतो, स्वतःशी पुटपुटतो, शोधतो. काही सापडले नाही तर भास झाला असेल म्हणून परत फेऱ्या घालू लागतो.

पहिल्याच मोठ्या कामगिरीत, बॅफर्ड नावाच्या सरदाराच्या वाड्याबाहेर, दोन शिपाई अस्वलांच्या झुंजींविषयी गप्पा मारत असतात. या गप्पांचा कथेशी काही संबंध नाही. तरी आडोशाला उभा राहून ऐकणारा खेळाडू त्या दोघांना विसरू शकत नाही. आता त्यांच्यापैकी एकाच्या मागे दंडुका घेऊन जाताना हात किंचित अडखळतो. सर्वांत कठीण पातळीवर तर बहुतेक कामगिऱ्यांत माणसाचा जीव घ्यायचा नाही, अशी अटच आहे. खेळात तरबेज होत जाणे म्हणजे हिंसा कमी करत जाणे, हे गणित अन्यत्र सहसा आढळत नाही. दुर्दैवाने ही संस्था २००० साली बंद पडली.

मात्र 'मारू नका' एवढ्यावर खेळ भला ठरतो असे मी मानत नाही. २०१२ चा 'डिसऑनर्ड' पाहा. प्लेगने पोखरलेल्या शहरात तुम्ही जितकी माणसे माराल तितके उंदीर वाढतात आणि शेवट अधिक काळा होतो. कल्पना उत्तम. पण नायकाच्या हाती दिलेली बहुतेक आयुधे मारण्याचीच! ताटात पंचपक्वान्ने वाढायची आणि वर उपासाचे माहात्म्य सांगायचे, त्यातलाच हा प्रकार. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. पेंडलटन बंधूंना न मारता दूर करायचे तर त्यांच्या जिभा छाटून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला पाठवले जाते. एका मेजवानीत लेडी बॉइल हिला वाचवायचे तर बेशुद्ध करून तिच्यावर आसक्त असलेल्या एका अनोळखी इसमाच्या होडीत ठेवायचे. हिशेबात खून शून्य. खेळ याला सौम्य मार्ग समजतो; मला ते दोन्ही प्रसंग त्या खेळातल्या कोणत्याही तलवारीपेक्षा क्रूर वाटले. नियमाने जीव वाचला, माणूस मात्र वाचला नाही.

याच्या उलट २००४ चा 'मेटल गियर सॉलिड ३'. त्यात गोळी घालायला कोणी अडवत नाही. फक्त उत्तरार्धात नायकाला एका धुकट नदीतून प्रवाहाविरुद्ध चालत जावे लागते, आणि आजवर तुम्ही मारलेला प्रत्येक सैनिक समोरून येतो, ज्या रीतीने मेला त्या रीतीने. ज्याने बेछूट मारले त्याची वाट संपता संपत नाही. ज्याने टाळले त्याची नदी जवळजवळ रिकामी. 

अलीकडच्या खेळांविषयी माझी एक तक्रार आहे. २००९ च्या 'बॅटमॅन : आर्कम असायलम'मध्ये बटण दाबले की भिंतीपलीकडचे शत्रू सांगाड्यांसारखे चमकू लागतात. 'डिसऑनर्ड'मध्येही अशी दिव्यदृष्टी आहे. सोय मोठी, पण कान देऊन ऐकण्याचे, फेऱ्या मोजण्याचे कामच संपले. समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधावा लागतो, तोवरच त्याला मन आहे असे वाटते. सारे दिसू लागले की तो परत फुगा होतो. याला सन्मान्य अपवाद म्हणजे क्ले या कॅनडातील संस्थेचा 'मार्क ऑफ द निंजा', तोही २०१२ चाच. त्यात पावलांचा आवाज वर्तुळाने दाखवतात, ते वर्तुळ कोठवर पसरेल ते कळते. पण अंधारातला पहारेकरी पुढे काय करील हे तुम्हालाच ताडावे लागते.

२०१५ च्या 'मेटल गियर सॉलिड ५'मध्ये शत्रू आणखी एक पाऊल पुढे गेला. तुम्ही सतत डोक्यात गोळ्या घालू लागलात तर काही दिवसांनी सैनिक शिरस्त्राणे घालून येतात. रात्रीच्याच वेळी जाऊ लागलात तर ते अंधारात पाहण्याची साधने जवळ बाळगतात. दर वेळी नव्या युक्तीने गेलात, तर मात्र कशासाठी तयारी करावी हे त्यांना उमगत नाही. म्हणजे आपण त्यांचा अभ्यास करावा, तसाच तेही आपला करत असतात.