जुगाराची सहा संकटे : ओळखावी कशी, वागावे कसे

भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करताना त्यांना दिसला. त्या तरुणाला केलेला उपदेश दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थाचा विनय सांगताना या उपदेशाचा आधार घेतला आहे. संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटांपैकी एक वाट जुगाराची, आणि त्या एका वाटेवर पुन्हा सहा संकटे, असे भगवंतांनी सांगितले. जिंकणारा द्वेषाचा धनी होतो. हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो. असलेली संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र-सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि बायकोला पोसू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही.

आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते, “पंचशीलात जुगाराचे नाव कुठे आहे?” प्रश्न योग्य आहे. नाव नाही, परंतु जुगारी माणूस पहिल्यांदा मोडतो ते खोटे न बोलण्याचे शील, आणि पुढे न दिलेले न घेण्याचे. वरील सहा संकटे पुन्हा वाचावीत. त्यांत थेट पैशाची दोनच आहेत. बाकीची चार माणसामाणसांमधील विश्वासाची आहेत. दारूचा वास येतो, पावले अडखळतात. जुगाराला वास नाही. घरच्यांना पैसा गेल्याचे कळते तोवर फार उशीर झालेला असतो. शब्द मात्र आधी घसरतो, आणि तो दिसू शकतो.

आमच्याकडून हे एकदा सुटले. जयंतीच्या वर्गणीचे पुस्तक आम्ही एका हुशार, कामसू तरुणाकडे दिले होते. पावती उद्या आणतो, हिशोब रविवारी देतो, बँक बंद होती, असे दीड महिना चालले. आम्हाला तो आळस वाटला. अखेर रकमेत तूट निघाली. मोबाईलवरील रमीत आणि मटक्यात पैसे गेल्याचे त्याने रडत सांगितले. जयंतीला बोल लागू नये म्हणून आम्ही चार-पाच जणांनी पदरचे घालून तूट भरली, त्याच्याकडून शपथ घेतली आणि विषय मिटवला. सहा महिन्यांत त्याच्या आईचे मंगळसूत्र गहाण पडले. तूट भरली हीच आमची चूक होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

मटका मुंबईच्या कामगार वस्तीला नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावण्याचा धंदा होता. तो १९६१ मध्ये बंद पडल्यावर १९६२ पासून वरळीचा मटका सुरू झाला आणि गिरणगावातल्या कित्येक पगारांची वाट त्याने लावली. आमच्या लोकांचे पगारही त्यात होते. हिशोब सरळ आहे. ‘जोडी’ ०० पासून ९९ पर्यंत, म्हणजे शंभर; लागली तर रुपयाला साधारण नव्वद. शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावणारा रोज दहा रुपये हरतो. तरीही माणूस खेळतो, कारण ४७ लावले आणि ४८ आले की त्याला हरल्यासारखे वाटत नाही, थोडक्यात हुकल्यासारखे वाटते. मोबाईलने याच भावनेला रात्रंदिवस मोकळे रान दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगले झाले. पण मटक्यावर १८८७ च्या कायद्यापासून बंदी होतीच, हेही आपल्याला ठाऊक आहे.

तर पाहायचे काय? पगार झाल्यावर आठवड्यातच हातउसने मागणे. एकाचे फेडायला दुसऱ्याकडून घेणे. भिशी पहिल्यांदा आपल्यालाच मिळावी हा हट्ट. निकालाच्या वेळेला चित्त थाऱ्यावर नसणे, त्यानंतर विनाकारण खुशी किंवा चिडचिड. फोन उलटा ठेवणे. यांपैकी एखादी गोष्ट कोणाच्याही घरात असते, तेवढ्यावरून कोणाला जुगारी ठरवू नये. संशय आला तर दोन प्रश्न विचारावेत. तज्ज्ञही ते वापरतात. पूर्वीपेक्षा जास्त-जास्त रक्कम लावावीशी वाटते का? किती खेळलो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? एकाचे जरी उत्तर ‘होय’ आले तरी गंभीरपणे घ्यावे.

हे प्रश्न एकट्यात विचारावेत, बैठकीत कधीही नाही. चारचौघांत अपमान झालेला माणूस तो भरून काढायला पुन्हा आकडाच लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने या व्यसनाची नोंद आजारांच्या वर्गीकरणात केली आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जाण्यात कमीपणा नाही. शपथ घेऊ नये. ती मोडली की आणखी एक खोटे वाढते. त्याऐवजी देण्यांची संपूर्ण यादी त्याच्या हातून लिहून घ्यावी. पगाराचे खाते काही काळ त्याच्या संमतीने पत्नीने किंवा आईने सांभाळावे. मदत करायचीच तर घरात शिधा भरावा, मुलांची फी शाळेत भरावी. रोख हातात देऊ नये, जामीन राहू नये. आमच्या भगिनींना एवढेच सांगणे की, नवऱ्याचे कर्ज लपवण्यासाठी दागिना काढून देणे हा त्याग वाटतो, पण त्याने पुढच्या डावाची सोय होते.

एक गोष्ट मात्र टाळाटाळ न करता करावी. कर्जात बुडालेला माणूस ‘आता सगळे संपले’ असे बोलू लागला किंवा अचानक निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. मरणाचा विचार येतो का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि दिवसरात्र.

तो तरुण आज रविवारच्या वंदनेला येतो. देणी अजून फिटायची आहेत. तो स्वतःच्या पगारातून दरमहा फेडतो आणि वही आईला दाखवतो. मधे एकदा तो पुन्हा खेळला, आणि दुसऱ्याच दिवशी आपणहून सांगायला आला. वर्गणीचे पुस्तक आम्ही त्याच्याकडे दिलेले नाही. त्यानेही मागितलेले नाही.