रंगाचे पैसे

टोनिंगवाल्या, म्हणजे काळाच्या ओघात रंग चढलेल्या, नाण्याला दुप्पट-तिप्पट पैसे मोजणारा माणूस येडा, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. म्हणू दे. मला रंग आवडतात आणि त्याचे पैसे मी राजीखुशीने देतो. माझी तक्रार वेगळी आहे. परवा-तेरवा चढवलेला रंग मला शंभर वर्षांचा म्हणून विकला गेला.

नाणं १९०२ चा ब्रिटिश ट्रेड डॉलर. मुंबई टाकसाळीचा, ब्रिटानियाच्या त्रिशुळावर बारीक ‘बी’ असलेला. वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर, सगळं बरोबर. चांदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. एका बाजूने गडद निळी-जांभळी कोर, बाकी चकचकीत पांढरं. नाण्यांच्या प्रदर्शनातल्या दिव्यांखाली काय दिसत होतं म्हणून सांगू! तरी मी विक्रेत्याला चारचौघांत स्पष्ट विचारलं, “रंग नैसर्गिक आहे ना?” “काका, एका जुन्या घरातल्या कागदी पाकिटातून आलंय, मी हातसुद्धा लावला नाही.” हे त्याचे शब्द. माझ्याबरोबरच्या मित्राने ऐकलेत.

घरी खिडकीपाशी नाणं धरून हळूहळू कलतं केलं. चांगल्या नाण्यावर रंगाखालूनही चमक चाकासारखी फिरते. इथे ती फिरेना. भिंग लावलं. ब्रिटानियाच्या ढालीशेजारी एकाच दिशेने गेलेले केसाएवढे ओरखडे, आणि त्या ओरखड्यांच्या आत निळा रंग. म्हणजे नाणं आधी घासलं, मग रंगवलं. तरी म्हटलं, एकदम आरोप नको. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर गेलो, तर तिथे मेक्सिकोचा आठ रियाल, जपानचा चांदीचा येन आणि पंचम जॉर्जचा रुपया शेजारी शेजारी मांडलेले. तिन्हींवरही माझ्या डॉलरवरचीच कोर. तीच जागा, तोच जांभळा. तीन देशांची नाणी, तीन वेगळ्या टाकसाळी, आणि सगळी एकाच पाकिटात शंभर वर्षं झोपली होती वाटतं!

मी विक्रेत्याला जाब विचारला. पुढचं ऐका. आधी ‘काका’ होतो, मग ‘साहेब’ झालो, मग माझ्याशी बोलता बोलता तो दुसऱ्याच गिऱ्हाईकाला नाणी दाखवू लागला. म्हणे, “चांदीला काळंनिळं करतं ते गंधकच ना? मग नैसर्गिक काय आणि कृत्रिम काय?” रसायन एकच असेल हो, पण भाव एकच लावला होतास का? आणि वर सल्ला: “अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग करून आणा, खोटं ठरलं तर पैसे परत.” नाण्यांच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं, की १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि तुम्हीआम्ही ते देशाबाहेर पाठवू शकत नाही. न होणाऱ्या गोष्टीची हमी द्यायला काय जातं?

तर आता तुमच्यासाठी. चांदीवर गंधकामुळे पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे. आधी फिकट पिवळा, मग तांबूस-किरमिजी, मग निळा. हा क्रम लक्षात ठेवा. अल्बममध्ये किंवा पाकिटात राहिलेल्या नाण्याला हवा बहुधा कडेने लागते, म्हणून कडेला निळा आणि आत येता येता किरमिजी, पिवळा असे पट्टे उतरत जातात. निळ्याला लागून एकदम पांढरी चांदी दिसली आणि मध्ये पिवळ्याचा मागमूस नसला, तर खिशातला हात बाहेर काढू नका. माझ्या डॉलरवर नेमकं हेच होतं, पण त्या पिवळ्याधमक दिव्यांखाली पिवळा पट्टा आहे की नाही हे कुणाला कळणार? म्हणून स्वतःचा पांढरा टॉर्च न्या. विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तर घालू देत.

एका नाण्याकडे बघू नका, सगळा ट्रे बघा. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

नाणं कडेने धरा, घासू नका, वगैरे तुम्हाला माहीत आहेच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा सुटतो. रंग उतरवायला डिपमध्ये, म्हणजे चांदी साफ करायच्या द्रावणात, बुडवायचा मोह होईल. रंगाबरोबर वरची चांदीही थोडी जाते आणि खालचे ओरखडे उघडे पडतात. मी डॉलर आहे तसाच ठेवलाय.

आणि पावती. माझ्या पावतीवर ‘जुने चांदीचे नाणे, १ नग’ एवढंच आहे. तोंडाने सांगितलेलं पाकिटाचं पुराण तिच्यात कुठेच नाही. तुम्ही रंगाचे पैसे देत असाल तर ‘टोनिंग नैसर्गिक, अन्यथा रक्कम परत’ असं त्याच्याच हस्ताक्षरात, तारखेसह लिहून घ्या. लिहायला नकार दिला, तर चांदीचा भाव सांगा आणि पुढच्या टेबलाकडे वळा.