रोबोट उलटा का पळाला?

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. 'स्पर्शिका' म्हणजे टँजंट, हे मला होस्टेलवर रूममेटने शिकवलं!

गोष्ट मिनी प्रोजेक्टची. दुसऱ्या दिवशी डेमो. चेंडूचे एक्स आणि वाय मिळाले की त्या दिशेला वळून पुढे जायचं, एवढंच आमच्या रोबोटचं काम. समोरचा चेंडू तो बरोबर गाठायचा. मागे ठेवला की नेमका उलट्या दिशेला पळायचा. मी ठाम होतो की मोटरच्या तारा उलट्या जोडल्यात. बिचाऱ्या रूममेटला रात्री दोन वाजता दोनदा सोल्डरिंग करायला लावलं. चूक माझ्याच या ओळीत होती:

कोन = एटॅन(वाय / एक्स);

टॅन म्हणजे समोरील बाजू भागिले लगतची बाजू. सी मधलं टॅन फंक्शन कोन रेडियनमध्ये घेतं. टॅन(४५) लिहाल तर १ नाही, १.६१९८ मिळेल. म्हणून अंशाला आधी पायने गुणून १८० ने भागायचं. पाय पाठ नसेल तर ४.० * एटॅन(१.०) लिहा, झालं काम. गंमत म्हणजे ९० अंशाचा टॅन काढला तर अनंत येत नाही, सतरा आकडी संख्या येते, कारण डबलमध्ये पाय पूर्ण मावतच नाही.

आता माझी चूक. चेंडू होता (-४०, -४०) वर, म्हणजे तिसऱ्या चरणात. भागाकार केला की दोन्ही उणे चिन्हं गेली, उरला १. एटॅनला बिचाऱ्याला काय कळणार? त्याने ४५ अंश दिले. त्याचं उत्तर कायम -९० ते ९० मध्येच असतं, मागची बाजू त्याला दिसतच नाही. शिवाय एक्स आणि वाय मी इंट घेतलेले. ३० / ४० चं उत्तर चक्क शून्य! म्हणजे ३६.८७ अंशाऐवजी रोबोट सरळ जाणार. आणि एक्स शून्य झाला तर बहुतेक पीसीवर प्रोग्रामच कोसळतो.

यावर उपाय मॅथ डॉट एच मध्येच बसलेला होता:

कोन = एटॅन२(वाय, एक्स);

भागाकार आपण करायचाच नाही, दोन्ही संख्या वेगवेगळ्या द्यायच्या. मग चिन्हं बघून ते चरण ओळखतं. आमच्या चेंडूला -२.३५६२ रेडियन, म्हणजे -१३५ अंश. बरोब्बर! एक्स शून्य असला तरी ९० किंवा -९० मिळतात. फक्त वाय आधी लिहायचा. मी सवयीने एक्स आधी लिहिला आणि आणखी अर्धा तास घालवला.

डेमोत एकदाच पंचाईत झाली. रोबोट १७० अंशांवर होता, जायचं होतं -१७० वर. वळायला हवा होता २० अंश, पण वजाबाकी आली -३४०, म्हणून पठ्ठ्याने जवळजवळ पूर्ण गिरकी घेतली. सर हसले. फरक १८० पेक्षा जास्त आला तर ३६० वजा करायचे, -१८० पेक्षा कमी आला तर मिळवायचे, हे मी नंतर घातलं.

रूममेटला त्या सोल्डरिंगबद्दल टपरीवरचा चहा अजून द्यायचाय.